ग्रेटना ग्रीनच्या लोहाराचा अधिकार

ब्रिटनमधील रीजन्सी काळातील (१८११–१८२०) प्रेमकादंबऱ्यांच्या वाचकांमध्ये एक समज दीर्घकाळ फिरत आला आहे: स्कॉटलंडमधील ग्रेटना ग्रीन या गावच्या लोहाराला लग्न लावण्याचा खास कायदेशीर अधिकार होता. असा अधिकार त्याला नव्हता. इंग्लंडमध्ये १७५४ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार २१ वर्षांखालील व्यक्तीला परवान्याने लग्न करण्यासाठी पालकांची संमती लागे. स्कॉटलंडला तो कायदा लागू नव्हता आणि तिथे दोघांनी साक्षीदारांसमोर परस्परांचा स्वीकार केला की विवाह वैध ठरे. ग्रेटना इंग्लंडच्या सरहद्दीलगत होते, म्हणून तिकडून पळून येणाऱ्या जोडप्यांमुळे गाजले. लग्न लावणारे तर सगळे लोहारही नव्हते. पडताळणीसाठी दोन्ही देशांचे तत्कालीन विवाहनियम शेजारी ठेवून वाचावेत, तसेच कोल्डस्ट्रीमसारख्या सरहद्दीवरील इतर गावांतही अशीच लग्ने होत, हे पाहावे. लग्नाआधी स्कॉटलंडमध्ये २१ दिवसांच्या वास्तव्याची अट १८५६ च्या कायद्याने आली. ती रीजन्सी कथेत आढळल्यास समीक्षकाने ती चूक म्हणून अवश्य नोंदवावी.