पार्श्वभूमी: ॲनिमेतल्या दोन जोन

ॲनिमेच्या, म्हणजे जपानी ॲनिमेशनच्या, चाहत्यांत जोन ऑफ आर्कचा, म्हणजे पंधराव्या शतकात इंग्रजांविरुद्ध लढलेल्या आणि चितेवर जाळल्या गेलेल्या फ्रेंच मुलीचा, विषय निघाला की हल्ली आधी विचारावं लागतं, पांढरी की काळी? पांढरी म्हणजे ‘फेट’ या जपानी गेम-ॲनिमे मालिकेतली निशाणधारी संत; या मालिकेत इतिहासातल्या आणि दंतकथांतल्या व्यक्ती पुन्हा अवतरून लढतात. गुडघ्यापर्यंत सोनेरी वेणी, अंगावर चिलखत, आणि जिवंत जाळणाऱ्यांबद्दलही मनात किल्मिष नाही. काळीचा चेहरा तोच, पण केस फिकट, डोळे पिवळे, आणि ती निघालीय आख्खा फ्रान्स जाळायला. ही दुसरी जोन २०१५ मध्ये ‘फेट/ग्रँड ऑर्डर’ या मोबाइल गेमच्या पहिल्याच मोठ्या अध्यायात आली आणि लोकप्रियतेत तिने मूळ नायिकेशी बरोबरी साधली.

वाद आहे तो तिच्या जन्मकथेचा. अध्याय घडतो १४३१ च्या फ्रान्समध्ये, जोनला जाळल्यानंतर काहीच दिवसांनी. मेलेली जोन परत आलीय, राजाला मारलंय, खटला चालवणाऱ्या बिशपला जिवंत जाळलंय आणि उडते ड्रॅगन घेऊन गावंच्या गावं बेचिराख करतेय. तिला अडवायला खरी जोनही येते, आणि हळूहळू उलगडतं की काळी जोन ही जोन नव्हेच. युद्धातला तिचा साथीदार जिल द रे याने इच्छा पुरवणाऱ्या पवित्र पात्राकडे, म्हणजे ग्रेलकडे, जोनला परत मागितलं होतं. ते जमलं नाही, तेव्हा स्वतःच्या संतापातून त्याने आपल्याला हवी तशी जोन घडवून घेतली. खऱ्या जोनच्या मनात सूड नव्हताच, त्यामुळे तिची काळी बाजू असणं शक्यच नाही, असं कथा ठासून सांगते. गोची अशी, की याच मालिकेत ‘ऑल्टर’ ही उपाधी सहसा त्याच व्यक्तीच्या बिघडलेल्या रूपाला लावतात. आर्थर राजाची ऑल्टर ही आर्थरच असते. जोनची ऑल्टर तेवढी परक्याने रचलेली. काहींना ही शक्कल फार आवडते. मला ती पळवाट वाटते.

फ्रान्समधल्या रूआं शहरात खऱ्या जोनवर चाललेल्या खटल्याची टिपणं शिल्लक आहेत आणि त्यातली मुलगी इतकी गोड नाही. इंग्रजांनी वेढलेल्या ऑर्लेआं शहराला जाण्याआधी, मार्च १४२९ मध्ये, तिने इंग्रजांना पाठवलेल्या पत्रात साफ धमकी आहे: मुकाट्याने निघून गेला नाहीत तर सगळ्यांना कापून काढीन. फेब्रुवारी १४३१ मध्ये बिशपला ती भर न्यायालयात बजावते की तुम्ही माझे न्यायाधीश म्हणवता, पण काय करताय ते बघा, स्वतःला मोठ्या संकटात घालताय. शेवटच्या सकाळी ‘बिशप, मी तुमच्यामुळे मरतेय’ असं ती त्याला तोंडावर म्हणाली, अशी साक्ष पुढे नोंदली गेली. चितेवर तिने सगळ्यांना क्षमा केली, असंही साक्षीदारांनी सांगितलंय, आणि आपण हाताने कुणाला मारलं नाही, तलवारीपेक्षा निशाण चाळीसपट प्रिय, हे तर तिचंच उत्तर आहे. म्हणजे पांढरी जोन खोटी नाही. पण तिच्यातला राग काढून तो जिलच्या खात्यावर टाकला की उरते ती वेदीवरची मूर्ती. ती मूर्ती रूआंच्या कोठडीत नव्हती. १४५६ मध्ये शिक्षा रद्द झाली, १९०९ मध्ये तिला धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं, १९२० मध्ये संतपद मिळालं, आणि या साडेचारशेहून जास्त वर्षांत ती गुळगुळीत होत गेली. जपानी लेखकांच्या हाती लागली ती ही तयार प्रतिमा.

पांढऱ्या जोनची घडण त्याआधीची. २०११ च्या ‘फेट/झीरो’ ॲनिमेत जिल द रे येतो, मुलांचे बळी घेणारा, पार बिघडलेला, आणि मुलगी म्हणून दाखवलेल्या आर्थर राजालाच तो जोन समजून बसतो. ती ओरडून सांगते तरी त्याला पटत नाही. पुढे खरी जोन रेखाटायची वेळ आली तेव्हा या वेड्याची चूक चूक वाटू नये एवढं साम्य ठेवणं भागच होतं. प्रत्यक्षातली जोन केस पुरुषांसारखे आखूड कापायची, ही नोंदही मग मागे पडली. ‘फेट/अपोक्रिफा’ हा मुळात ऑनलाइन गेम व्हायचा होता. तो बारगळला, २०१२ पासून त्याच्या कादंबऱ्या निघाल्या आणि २०१७ मध्ये पंचवीस भागांचा ॲनिमे. यात ग्रेलसाठीच्या लढाईत जोन पंच आहे, ‘रूलर’. पदाची अट अशी की ग्रेलकडून स्वतःसाठी काही मागायची इच्छाच नसावी. संताला साजेशी अट, पण नायिकेला मिळमिळीत करणारी.

तिच्यासमोर मात्र जबरदस्त माणूस उभा केलाय. अमाकुसा शिरो, जपानमधल्या १६३७-३८ च्या शिमाबारा बंडाचा कोवळा ख्रिस्ती पुढारी, जो हारा किल्ला पडला तेव्हा मारला गेला. चर्चने जोनला संतपद दिलं, त्याला दिलेलं नाही. त्याची पार्श्वभूमी आपल्याला वाटते तितकी दूरची नाही. फ्रान्सिस झेवियर जपानला गेले ते गोव्याहून निघून, १५४९ मध्ये कागोशिमाला पोचले. १५९७ मध्ये नागासाकीत सुळी दिलेल्या सव्वीस जणांत वसईचे गोन्सालो गार्सिया होते. शिरोचं बंड ख्रिस्ती लोकांच्या त्याच छळाच्या पुढच्या टप्प्यातलं. त्याला सगळ्या मानवजातीचा उद्धार हवाय, जोन त्याला थांबवते. मालिकेतला खरा कस इथे लागतो. तिची आणि एका कृत्रिम मुलाची प्रेमकथा नसती तरी काही अडलं नसतं.

याच्या मागचा काळ थोडक्यात. पुरुषवेषातली लढवय्यी मुलगी जपानी चित्रकथेत १९५३ पासून आहे, ‘रिबन नो किशी’ या राजकन्येच्या कथेपासून. १९७२ मध्ये सुरू झालेल्या ‘व्हर्सायचा गुलाब’मधली गणवेशातली ऑस्कर तर पिढ्यान्‌पिढ्या पूजली गेली. या नायिका जोन नव्हेत, पण जोनला जागा त्यांनी करून दिली. १९९९ चा ‘कामिकाझे काइतो जान’ हा ॲनिमे आजच्या टोकियोसारख्या शहरातल्या शाळकरी मुलीला जोनचा पुनर्जन्म ठरवतो. ती रात्री चोर बनून चित्रांतली भुतं पकडते. गळ्यात क्रूस, सोबत एक छोटी देवदूत, आणि धर्म जवळपास शोभेपुरता.

गंमत पुरुषवेषाची आहे. खऱ्या जोनचा जीव गेला तो त्यावरून. २४ मे १४३१ ला तिने न्यायालयापुढे माघार घेतली, बायकी कपडे घातले. चार दिवसांत ती पुन्हा पुरुषी कपड्यांत सापडली, पुन्हा पाखंडी ठरली आणि ३० मे रोजी जाळली गेली. कोठडीतल्या पहारेकऱ्यांपासून बचाव म्हणून तिला ते कपडे हवे होते, अशा साक्षी पुढे फेरतपासात आल्या. इतकी कळीची गोष्ट, आणि ‘फेट’मध्ये ती चिलखताखाली झगा घालून वावरते! २०१४ च्या ‘नोबुनागा द फूल’ने निदान तिला रानमारू हे पुरुषी नाव आणि वेष दिला. २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘ड्रिफ्टर्स’मध्ये, ज्याचा ॲनिमे २०१६ मध्ये आला, आखूड केसांची, सुडाने वेडी झालेली जोन हातांतून आग ओकते. काळ्या जोनच्या आधीची काळी जोन ती हीच. तिच्याशी लढणाऱ्या सामुराईला ती बाई असल्याचं कळतं आणि तो तिचं डोकं उडवायला नकार देतो. तिचा राग तिथे तिचाच आहे, दुसऱ्या कुणी भरलेला नाही, म्हणून ती दोन-चार प्रसंगांत लक्षात राहते.

२०१४ च्याच ‘शिंगेकी नो बाहामुत’मध्येही जोन चितेपर्यंत जाते आणि एका द्रवाच्या प्रभावाखाली राक्षसीण बनते. तिथेही कारस्थान जिल नावाच्या माणसाचं. २०१८ च्या ‘युलिसिस’ने तर जिलवर बेतलेल्या तरुण किमयागारालाच नायक केला आणि जोनला त्याच्या मागे ठेवली. मोबाइल गेममधल्या काळ्या जोनला २०१६ मध्ये स्वतंत्र पात्राचा दर्जा मिळाला, त्याच वर्षी नाताळात तिची बालरूपातली सांता आवृत्ती निघाली. २०१८ च्या उन्हाळ्यात पांढरी जोनही पोहण्याच्या पोशाखात, डॉल्फिन घेऊन, सगळ्यांची थोरली बहीण म्हणवत हजर झाली.

एवढ्या आवृत्त्या झाल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच आवृत्त्यांत जिल द रे आहे. तो तिच्यासोबत लढला ते मुख्यतः १४२९ मध्ये. १४४० मध्ये नांतला मुलांच्या हत्यांसाठी त्याला फाशी दिलं गेलं, आणि हा भयंकर शेवटच कथाकारांना खुणावतो. जोनची आई नोव्हेंबर १४५५ मध्ये पॅरिसच्या नोत्र दाममध्ये चर्चच्या प्रतिनिधींपुढे उभी राहिली आणि तिने लेकीसाठी न्याय मागितला. त्यातूनच पुढच्या वर्षी शिक्षा रद्द झाली. वरच्या एकाही मालिकेत तिला धड भूमिका नाही.