सोआरेस आणि कॉस्टा: राष्ट्राध्यक्ष कोण होता, पंतप्रधान कोण होता

चतुर्थीला फोंड्याच्या घरी सगळे जमले की पोर्तुगालचा विषय निघतोच, आणि मग मामा म्हणतातच, आपला मडगावचा बाबूश तिकडे राष्ट्राध्यक्ष झाला होता. मामा, नाही हो. आंतोनियो कॉस्टा, म्हणजे हाच आपला बाबूश, पंतप्रधान होता, २०१५ ते २०२४. राष्ट्राध्यक्ष होते मारियो सोआरेस, १९८६ ते १९९६.

घोळ का होतो तेही कळतं, दोघं एकाच सोशलिस्ट पार्टीचे, दोघं कायदा शिकलेले, त्यात सोआरेस आधी पंतप्रधानही होऊन गेलेले आणि कॉस्टा आता युरोपियन कौन्सिलचा अध्यक्ष, पण ते कुठल्या देशाचं पद नाही.

तिथला राष्ट्राध्यक्ष आपल्या राष्ट्रपतीसारखा नाही, आपल्याकडे खासदार-आमदार मतं देतात, तिथे लोक थेट निवडतात, ५ वर्षांसाठी, सलग दोनच टर्म. रोजचा कारभार पंतप्रधानाकडे पण संसद बरखास्त करायचा अधिकार राष्ट्राध्यक्षाकडे. नोव्हेंबर २०२३ मध्ये कॉस्टाने राजीनामा दिला तेव्हा पक्षाचं बहुमत शाबूत होतं, दुसरा माणूस बसवता आला असता, तरी तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांनी सरळ निवडणूक लावली.

सोआरेसांचं करिअर मात्र वेगळंच. पोर्तुगालमधल्या हुकूमशाहीच्या काळात १२ वेळा अटक, मग साओ तोमे बेटावर हद्दपारी, मग फ्रान्समध्ये. १९७४ च्या एप्रिलमध्ये क्रांती झाली आणि हा माणूस परत येऊन थेट परराष्ट्रमंत्री, १९७६ ला पंतप्रधान. १९८६ ला राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत पहिल्या फेरीत जेमतेम २५ टक्के मतं होती, दुसऱ्या फेरीत ५१ च्या वर जाऊन जिंकले.

आणि आपल्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट त्यांनी राष्ट्राध्यक्ष व्हायच्या कितीतरी आधी केली. गोवा १९६१ ला मुक्त झाला तरी पोर्तुगाल ते मानायलाच तयार नव्हता, १३ वर्षं. ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत ते मान्य करणारा करार झाला, तिकडून परराष्ट्रमंत्री सोआरेस, आपल्याकडून परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण! आपल्या शाळेत हे नीट शिकवायला हवं असं मला मनापासून वाटतं.

७ जानेवारी २०१७ ला सोआरेस गेले तेव्हा कॉस्टा भारत दौऱ्यावर होता, अंत्यविधीला जाता आलं नाही, आणि त्याच दौऱ्यात तो मडगावला वडिलांच्या घरी आला होता. मामांच्या डोक्यात ही दोन नावं तेव्हापासूनच एक झाली असणार.