एका पेअरवर दोन घरं: ब्रिटनमधल्या ‘डॅक्स’ लाइनची पार्श्वभूमी

एक्सचेंजमध्ये ब्रॉडबँड सुरू झालंय, घर तिथून हाकेच्या अंतरावर आहे, फोन खणखणीत चालतोय, बिलही थकलेलं नाही. आणि तरीही एडीएसएलची, म्हणजे फोनच्या तारेवरून येणाऱ्या ब्रॉडबँडची, ऑर्डर परत येते. २००० नंतरच्या काही वर्षांत ब्रिटनमधल्या बऱ्याच घरांच्या वाट्याला हे आलं. चौकशी केली की उत्तर मिळायचं, तुमच्या लाइनवर ब्रॉडबँडशी न जुळणारी यंत्रणा बसवलेली आहे. आपली लाइन आपली एकट्याची नाही, हे बहुतेकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. शेजारचं घरही त्याच तारेवर बोलत होतं, आणि दोन्ही घरांना त्याचा पत्ता नव्हता.

या यंत्रणेचं नाव डॅक्स, म्हणजे डिजिटल ॲक्सेस कॅरिअर सिस्टिम. ती ब्रिटिश टेलिकॉमने, म्हणजे बीटीने, वापरली. पण एका तारेवर दोन घरं बसवण्याची सवय तिथे बीटीच्या जन्माआधीपासूनची आहे.

फोनला एक्सचेंजपर्यंत तांब्याच्या दोन तारा लागतात. लाइनमन या जोडीला पेअर म्हणतात. केबल टाकताना गल्लीत किती घरं होतील आणि त्यातली किती फोन घेतील, याचा अंदाज बांधून तेवढ्या पेअर घातल्या जातात, वर थोड्या शिल्लक ठेवतात. अंदाज चुकला की रस्ता खणून नवी केबल टाकायची, किंवा आहे त्या पेअरवर दोघांना बसवायचं. खोदकामाचा खर्च पाहिला की दुसरा मार्ग कोणालाही बरा वाटतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये तांबंही कमी होतं आणि पैसाही. टेलिफोन तेव्हा पोस्ट खात्याकडे होते. १९४८ पासून घरगुती फोन मागणाऱ्या नव्या ग्राहकाला लाइन वाटून घ्यायची तयारी ठेवावी लागली. याला शेअर्ड सर्व्हिस म्हणत. दोन घरांचे नंबर वेगळे, पेअर एकच. घंटी ज्याची त्यालाच वाजे, कारण एका घराची घंटी एका तारेतून जमिनीकडे जोडलेली आणि दुसऱ्याची दुसऱ्या तारेतून. फोन करायचा तर रिसीव्हर उचलून आधी कानोसा घ्यायचा. शेजारी बोलत नसेल तर फोनवरचं बटण दाबायचं, मग डायल टोन येई. त्या बटणावरूनच बिल कोणाच्या नावावर टाकायचं हे एक्सचेंजला कळत असे. शेजाऱ्याचं बोलणं ऐकू येई, त्याचा फोन संपेपर्यंत आपण गप्प बसायचं. मोबदल्यात भाडं थोडं कमी. यात लपवाछपवी काहीच नव्हती. लाइन अर्धी आहे हे फोनवरचं बटणच सांगत होतं.

भारतात याच तुटवड्यावरचा उपाय प्रतीक्षा यादी हा होता. अर्ज करून वर्षानुवर्षं वाट पाहिलेल्या पिढीला अर्धी लाइनसुद्धा चालली असती!

टेलिफोन पोस्टाकडून १९८१ मध्ये ब्रिटिश टेलिकॉमकडे गेले आणि १९८४ मध्ये ती कंपनी खाजगी झाली. डिजिटल एक्सचेंजं आली तशी बटणाची जुनी शेअर्ड सर्व्हिस मोडीत निघाली. तांब्याची टंचाई मात्र गेली नव्हती. तिच्यावर आधी डब्ल्यूबी ९०० नावाची ॲनालॉग यंत्रणा वापरात होती: एक फोन नेहमीसारखा, आणि त्याच तारेवर वरच्या फ्रिक्वेन्सीत बसवलेला दुसरा. तिच्यानंतर आलं डॅक्स.

डॅक्सची रचना समजून घेतली की पुढचा सगळा घोळ उलगडतो. एक डबी एक्सचेंजमध्ये, दुसरी घराजवळच्या खांबावर किंवा घराच्या बाहेरच्या भिंतीवर. दोन्हींच्या मध्ये एकच पेअर. खांबावरच्या डबीला वीजही त्याच पेअरवरून मिळते. एक्सचेंजच्या टोकाला दोन्ही घरांचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजून आकड्यांत बदलतात. दर घराला सेकंदाला ६४ किलोबिटचा एक कप्पा. आयएसडीएन या डिजिटल फोनसेवेत पेअरवरून जे दोन कप्पे जातात, तेच हे. खांबावरच्या डबीत आकड्यांचा पुन्हा आवाज होतो आणि दोन वेगळ्या तारांनी दोन घरांत जातो. आता शेजाऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही, वाट पाहावी लागत नाही, बटणही नाही. बोलण्यापुरतं पाहिलं तर हे काम चोख होतं, आणि म्हणूनच ग्राहकाला सांगायची गरज कोणाला वाटली नाही.

गरज पडली ती इंटरनेटमुळे. नव्वदच्या दशकात घरोघरी मोडेम आले. १९९८ मध्ये फ्रीसर्व्हसारख्या, महिन्याची वर्गणी न घेणाऱ्या सेवा सुरू झाल्या आणि संध्याकाळभर फोन अडकून राहू लागला. मग इंटरनेटसाठी दुसरी लाइन घ्यायची टूम निघाली. दुसऱ्या लाइनसाठी पेअर शिल्लक नसेल तर कंपनी काय करणार? डॅक्स लावणार. कधी एकाच घराच्या दोन लाइन एका पेअरवर यायच्या, तर कधी शेजाऱ्याने मागितलेल्या जादा लाइनपायी तुमची सुटी पेअर डॅक्सवर जायची. इंटरनेटसाठी मागितलेल्या लाइननेच इंटरनेटची वाट अडवावी, हा या कथेतला सगळ्यात वैतागाचा भाग.

अडवणूक आधी डायल-अपवर दिसली. १९९८ च्या व्ही.९० मोडेमचा ५६ किलोबिटचा दावा एका अटीवर होता: इंटरनेट कंपनीपासून घरापर्यंत आकड्यांचा आवाज एकदाच व्हावा, तोही ग्राहकाच्या एक्सचेंजमध्ये. डॅक्सवर तो एक्सचेंजमध्ये एकदा व्हायचा, डॅक्सच्या डबीत त्याचे पुन्हा आकडे, खांबावर पुन्हा आवाज. मग मोडेम आपोआप जुन्या व्ही.३४ वर उतरायचा. तोंडाने कितीही कर्कश्श करवादला तरी पडद्यावर कनेक्ट २८८००, फार तर ३३६००. नवा महागडा मोडेम आणूनही आकडा हलला नाही की जाणकार सांगत, मोडेम ठीक आहे, खांबावर बघा. गंमत म्हणजे त्याच खांबापर्यंत त्या घराच्या नावाचा ६४ किलोबिटचा डिजिटल कप्पा आलेला असायचा. पण तो फक्त आवाजासाठी राखीव. मोडेमने आकड्यांचा आवाज करायचा, डबीने त्या आवाजाचे पुन्हा आकडे करायचे.

तक्रार करून फार उपयोग नव्हता, कारण कायद्याने कंपनीवर जबाबदारी फोनची होती. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानंतर ‘कामचलाऊ इंटरनेट’ही त्या जबाबदारीत आलं, आणि ब्रिटिश नियामकाने २००३ मध्ये त्यासाठी जो वेग धरला तो होता सेकंदाला २८.८ किलोबिट. म्हणजे डॅक्सची मर्यादा आणि कायद्याची किमान पातळी शेजारी शेजारीच येऊन बसल्या.

एडीएसएलच्या बाबतीत मात्र ‘कमी वेग’ असा मधला मार्गही नव्हता. एडीएसएल आवाजाच्या वरच्या पट्ट्यात, साधारण २५ किलोहर्ट्झपासून १.१ मेगाहर्ट्झपर्यंत चालतं आणि त्याला एक्सचेंजपासून घरातल्या सॉकेटपर्यंत सलग धातूची तार लागते. डॅक्सची डबी ४ किलोहर्ट्झच्या वरचं काही घेतच नाही, आणि मधल्या पेअरवर तिचा स्वतःचा डिजिटल सिग्नल पसरलेला असतो. म्हणून डॅक्सच्या घराला सरळ नकार.

सुटकेचा मार्ग कागदावर सोपा होता. डॅक्स काढायचं तर दोन घरांना दोन पेअर हव्यात, म्हणजे गल्लीतल्या केबलमध्ये एक तरी शिल्लक हवी. असली की अभियंता एका घराला तिकडे हलवायचा; बीटीची माणसं याला ‘लिफ्ट अँड शिफ्ट’ म्हणत. दोन्ही लाइन आपल्याच असतील तर दुसरी बंद करणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय होता, आणि एडीएसएलवर फोन व इंटरनेट एकत्र चालत असल्याने दुसऱ्या लाइनची गरजही उरत नव्हती. खरी पंचाईत भाग्य शेजाऱ्याच्या हातात असलेल्यांची. शेजारी आपल्या फोनवर खूश, केबलमध्ये एकही पेअर मोकळी नाही, आणि एका ग्राहकासाठी रस्ता कोण खणणार? शहरात केबल टीव्हीच्या कंपनीचा पर्याय असायचा. खेड्यात तोही नाही.

असं अडकलेलं डॅक्स एकटंच नव्हतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बीटीने काही नव्या वसाहतींमध्ये फोनसाठी ऑप्टिकल फायबर टाकलं होतं. त्या यंत्रणेला टीपॉन म्हणत. दहा वर्षांनी ब्रॉडबँड आलं तेव्हा तिथली घरं बाद ठरली, कारण फायबर होतं आणि तांबं नव्हतं! अशा ठिकाणी नंतर तांब्याच्या तारा टाकाव्या लागल्या. ऑस्ट्रेलियात डॅक्सच्या जातीच्या यंत्रणांना पेअर गेन म्हणत आणि तिथल्या उपनगरांतही हीच रड होती.

भारतात बीएसएनएल आणि एमटीएनएलचं एडीएसएल २००५ मध्ये आलं. फायबरने रस्त्यावरच्या डीएलसीच्या, म्हणजे अनेक घरांच्या लाइन एकत्र करणाऱ्या, पेटीपर्यंत आणलेल्या लाइनला तिथेही तोच नियम लागू: एक्सचेंजमधल्या डीएसलॅमचा, म्हणजे एडीएसएलच्या दुसऱ्या टोकाच्या यंत्राचा, तिला उपयोग नाही, डीएसलॅम पेटीपाशीच बसवावा लागतो. तोवर फॉर्मवर शेरा ‘टेक्निकली नॉट फिजिबल’.

ब्रिटनमध्ये ब्रॉडबँडचा हक्क म्हणून २०२० च्या मार्चपासून सेकंदाला १० मेगाबिट ही किमान पातळी लागू झाली, म्हणजे २००३ च्या आकड्याच्या जवळपास साडेतीनशेपट. जुनं टेलिफोन नेटवर्क २०२५ च्या अखेरीस बंद व्हायचं होतं. ती मुदत पुढे ढकलून जानेवारी २०२७ केली आहे. फोन इंटरनेटवरूनच चालू लागल्यावर उरल्यासुरल्या डॅक्सच्या डब्यांना काही कामच राहणार नाही. त्याआधी त्यांच्यावरच्या प्रत्येक घराला स्वतःची पेअर किंवा थेट फायबर द्यावंच लागेल.