पस्तिशीनंतर बाळासाठी औषधं सुरू करताना : आमच्या फार्मसीच्या ग्राहकांसाठी

या गोळ्यांची चिठ्ठी पुढे करताना पुष्कळ जणींचा आवाज खाली जातो. मागे ओळखीचं कुणी उभं असलं तर डोकेदुखीची गोळी मागून परत फिरतात आणि तासाभराने नवऱ्याला पाठवतात. फोंड्यासारख्या ठिकाणी हे होणारच, इथे कोण कुणाची सून हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून हा कागद काढला. घरी नेऊन वाचा. काउंटरवर बोलायचं नसेल तर चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाका. औषध बांधून ठेवू, आलात की नुसतं उचलायचं.

सुरुवात बहुधा लेट्रोझोलने होते. खोक्यातल्या बारीक अक्षरांच्या कागदावर लिहिलेलं असतं की हे पाळी गेलेल्या बायकांच्या स्तनाच्या कर्करोगावरचं औषध. ते वाचून स्ट्रिप परत घेऊन येणाऱ्या आम्हाला नवीन नाहीत : "तुम्ही भलतीच गोळी दिलीत!" गोळी बरोबर आहे. ती काही दिवस शरीरातलं इस्ट्रोजेन खाली आणते. मेंदूला वाटतं बीजकोश सुस्तावलेत, म्हणून तो एफएसएच हे संप्रेरक जास्त सोडतो, आणि त्या जोरावर फॉलिकल, म्हणजे बीजकोशातली बीज असलेली पाण्याची पिशवी, वाढतं. गोळी पाचच दिवसांची. गर्भ रुजायची वेळ येते तोवर ती बहुतेक शरीराबाहेर गेलेली असते. आपल्या सरकारने २०११ मध्ये वंध्यत्वासाठी या गोळीवर बंदी घातली होती आणि २०१७ मध्ये ती उठवली. नेटवरच्या जुन्या बातम्या त्या मधल्या काळातल्या. क्लोमिफेन ही त्याआधीपासूनची गोळी. तिने अंग गरम होतं, जुळ्यांची शक्यता थोडी वाढते. डोळ्यांपुढे अंधुक किंवा चमकल्यासारखं दिसलं तर पुढची गोळी न घेता आधी डॉक्टरांना फोन करा.

आता थोडं स्पष्ट बोलतो. यातली कुठलीही गोळी बीजाचं वय कमी करत नाही. बीजं जन्मताना मिळतात तेवढीच. पस्तिशीनंतर ती भराभर कमी होतात आणि उरलेल्यांत गुणसूत्रांची गडबड असलेल्यांचं प्रमाण वाढत जातं. एएमएच या रक्ततपासणीचा रिपोर्ट बीजांचा साठा किती ते सांगतो, दर्जा सांगत नाही. त्यामुळे चांगला आकडा बघून निवांत राहू नका आणि कमी बघून खचूही नका. पस्तिशीच्या आत डॉक्टर वर्षभर वाट बघायला सांगतात. पस्तिशीनंतर सहा महिने पुरे, आणि चाळिशी ओलांडली असेल तर वाट न बघता आधी तपासणी. म्हणूनच मागच्या वर्षीच्या चिठ्ठीवर "तीच गोळी परत द्या" म्हटलं तर आम्ही देत नाही. काही जणांना राग येतो. पण एकोणचाळिसाव्या वर्षी सोनोग्राफी न करता, फॉलिकल वाढतंय की नाही हे न बघता तीन महिने गोळ्या घेणं म्हणजे ते तीन महिने घालवणंच. मावशीच्या सुनेला लागू पडलेली गोळी तर मुळीच मागू नका.

"दुसऱ्या दिवसापासून घ्या" यातला पहिला दिवस कुठला, हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. पाळीचं रक्त नीट जायला लागलं तो पहिला. नुसता डाग दिसला तो धरायचा नाही. पाळी रात्री उशिरा सुरू झाली तर काय धरायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. फॉलिक ॲसिड मात्र आजपासून, दिवस जायच्या निदान महिनाभर आधी तरी पोटात जायला हवं.

चाळिशीच्या आसपास आणखी एक गोष्ट असते, जी चिठ्ठीत दिसत नाही : आधीपासून चालू असलेल्या गोळ्या. रक्तदाबाची टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल, कोलेस्टेरॉलची ॲटोर्वास्टॅटिन. या गरोदरपणात चालत नाहीत आणि रक्तदाबाची गोळी बदलायला वेळ लागतो. स्वतःहून बंद करू नका. सगळ्या स्ट्रिप एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. बीज सुटायच्या दिवसांत पाठ दुखली तर डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन नको, त्यांनी बीज सुटायला अडथळा येऊ शकतो. पॅरासिटामॉल चालते.

नवरा बोटीवर किंवा आखातात असेल तर औषधाचा महिना त्याच्या सुट्टीशी जुळवावा लागतो. तुमच्या तपासण्या तो यायच्या आधीच उरकून घ्या. तो आला की पहिल्या आठवड्यातच त्याची वीर्यतपासणी, संबंधाला दोन ते सात दिवसांचा खंड ठेवून. दोष निघाला तर सुधारायला दोन-तीन महिने लागतात, कारण नवे शुक्राणू तयार व्हायला तेवढा काळ जातो. जिममध्ये टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत असेल तर ती आधी सांगायला लावा. त्याने शुक्राणू पार शून्यावर येऊ शकतात.

फॉलिकल वाढवायला त्याच एफएसएचची इंजेक्शनं दिली असतील तर ती २ ते ८ अंशांत ठेवायची. फ्रिजच्या दारात नको, मधल्या फळीवर, मागच्या भिंतीला न टेकवता. गेल्या चवथीला एका ग्राहकाच्या घरी फ्रिज नेवऱ्यांच्या सारणाने आणि खवलेल्या नारळाने गच्च भरला होता. जागा करायला कुणीतरी इंजेक्शनचा खोका उचलून फ्रीझरमध्ये ठेवला. गोठलेलं इंजेक्शन वितळवून वापरता येत नाही, सगळं फुकट गेलं. थंडीतलं औषध एकदा दुकानाबाहेर गेलं की आम्हालाही परत घेता येत नाही. पावसात वीज गेली तर फ्रिज उघडू नका, काही तास गारवा टिकतो. नेताना बर्फाच्या पॅकभोवती पंचा गुंडाळा. काही पावडरच्या कुप्या फ्रिजबाहेरही चालतात, ते खोक्यावर बघा.

इंजेक्शनांच्या दिवसांत पोट टम्म फुगलं, दम लागला, लघवी कमी झाली किंवा वजन एकदम वाढलं तर गॅसची गोळी मागायला आमच्याकडे येऊ नका. तडक डॉक्टरांकडे.

फॉलिकल १८ ते २० मिलिमीटरचं झालं की बीज सोडवणारं 'ट्रिगर' इंजेक्शन, एचसीजी या गरोदरपणातल्या संप्रेरकाचं. त्यानंतर साधारण ३६ तासांनी बीज सुटतं, म्हणून वेळ बहुतेक रात्री नऊ-दहाची दिलेली असते. आम्ही आठला शटर ओढतो, दुपारी एक ते चार आडवे होतो आणि रविवारी बंद. तारीख जवळ आली की इंजेक्शन दोन दिवस आधीच नेऊन ठेवा. हेच एचसीजी लघवीच्या टेस्टमध्येही दिसतं, त्यामुळे पुढचे दहा-चौदा दिवस घरी टेस्ट केलीत तर खोट्या दोन रेषा येऊ शकतात. त्यानंतर गर्भ रुजायला मदत म्हणून दिलेल्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाने झोप येते, छाती जड होते, पाळीही लांबते. दिवस गेल्याची लक्षणं ही अशीच असतात, तेव्हा दिलेल्या तारखेला रक्ततपासणी होईपर्यंत माशेलच्या देवकीकृष्णाला गाऱ्हाणं घाला, पण माहेरी फोन करू नका.

आणि पुढची पायरी आयव्हीएफची (टेस्ट ट्यूब बेबीची) निघाली आणि पैशांपाशी अडलं, तर बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात २०२३ पासून ती सोय मोफत आहे. कायद्याने बाईचं वय ५० आणि पुरुषाचं ५५ पर्यंत चालतं. जाताना जुन्या सोनोग्राफी आणि सगळ्या चिठ्ठ्या न्या. आमच्याकडे घेतलेल्या औषधांची यादी हवी असेल तर बिलबुकातून काढून देऊ, आदल्या दिवशी सांगा.