त्वचा आणि केस

त्वचा हे मानवी शरीराचे बाह्य आवरण असून प्रौढ व्यक्तीत तिचे क्षेत्रफळ सुमारे १.५ ते २ चौरस मीटर भरते. बाह्यत्वचा व अंतस्त्वचा हे तिचे दोन मुख्य थर. त्यांखाली चरबीचा थर असतो. केस व नखे ही तिचीच उपांगे होत.

बाह्यत्वचेत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून अगदी वरवर खरचटले तर रक्त येत नाही. तिच्या तळाशी सतत तयार होणाऱ्या पेशी वर सरकताना केराटिन या चिवट प्रथिनाने भरत जातात, मरतात आणि सुमारे महिन्याभराने झडतात. दिवाळीच्या पहाटे उटण्याबरोबर निघणाऱ्या मळात या मृत पेशीही असतात. हा थर पापणीवर सर्वांत पातळ, तर तळपायावर जाड असतो. ज्येष्ठ वद्यात पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात, तेव्हा अनवाणी वारकऱ्यांच्या टाचांवर दिसणारी राठ, पिवळसर कातडी सततच्या दाबाने व घर्षणाने अशीच जाड झालेली असते.

त्वचेचा रंग मुख्यतः मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे येतो. ते बनवणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या व सावळ्या माणसांत जवळपास सारखीच असते; फरक पडतो तो मेलॅनिनच्या प्रमाणाने व प्रकाराने.

हवा त्वचेपेक्षा तापली, की शरीर थंड ठेवण्याचा घाम हाच मार्ग उरतो. पुण्याच्या एप्रिल-मेमधील कोरड्या उन्हात घाम चटकन उडून जातो व अंग मुंबईसारखे चिकचिकत नाही. पाणी व क्षार मात्र जातच असतात, त्यामुळे घाम दिसत नाही म्हणून पाणी कमी पिणे धोक्याचे ठरते.

केसाचा दिसणारा भाग मृत असतो. जिवंत असते ते त्वचेतील केशपुटक, म्हणजे केस जिथून उगवतो ती बारीक पिशवी. डोक्यावर सुमारे १ लाख केस असून ते महिन्याला साधारण १ सेंमी वाढतात. प्रत्येक केस २ ते ६ वर्षे वाढतो, सुमारे तीन महिने विसावतो व गळतो. म्हणून रोज ५० ते १०० केस जाणे स्वाभाविक आहे. पुण्यात शिकायला आलेली मुले केसगळतीचा दोष बहुधा बोअरच्या पाण्याला देतात. अशा जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्याने केस राठ होतात हे खरे. परंतु विंचरताना अचानक पुंजकेच हाती येऊ लागले, तर दोन-तीन महिन्यांपूर्वीचा मोठा ताप, उपासमार किंवा बाळंतपण आठवून पाहावे. अशा वेळी पुष्कळ केस एकदमच विश्रांतीच्या अवस्थेत गेलेले असतात. पुटके शाबूत असल्याने ते सहसा पुन्हा उगवतात. खोल भाजल्याच्या व्रणावर मात्र पुटकेच नष्ट झाल्याने केस येत नाहीत.