किल्ला कुठे तुटतो? गेमच्या स्क्रीनवर मराठी उशिरा का आली

नव्वदच्या दशकात ठाण्यात वाढलेल्या कुणालाही विचारा, पहिला व्हिडिओ गेम कुठला खेळलास, उत्तर ठरलेलं असतं: मारिओ, कॉन्ट्रा, नाहीतर ती बंदुकीने बदकं मारायची. नौपाड्यात, कळव्यात, तिकडे वाशीत, मे महिन्याच्या सुट्टीत टीव्हीला जोडायचा गेमचा डबा भाड्याने मिळायचा आणि कॅसेट वेगळी, तिच्यावर '९९९९ इन वन' छापलेलं आणि आत तेच थोडेसे गेम फिरून फिरून वेगळ्या नावाने. त्यातला एकही मराठीत नव्हता आणि खरं सांगायचं तर कुणाला त्याचं काही वाटतही नव्हतं.

आता ऐरोली-नेरूळच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली पोरं फायनल इयरच्या प्रोजेक्टला स्वतः गेम बनवतात. शिवकालीन किल्ला, बुरूज, तटबंदी, पावसाळी धुकं, सगळं थ्रीडी आणि भारी. आणि मग वर टायटल येतं, 'किल्ला', ज्यात पहिली वेलांटी क सोडून पुढच्या ल वर जाऊन बसलेली आणि जोडाक्षराच्या जागी ल, मग पाय मोडल्याची खूण, मग परत ल. ग्राफिक्स कार्डाला लाखो त्रिकोण काढता येतात पण एक जोडाक्षर नाही. लोक म्हणतात मराठीला मार्केट नाही, कुणाला भाषेची पडलेली नाही वगैरे. असेल थोडंफार. पण माझ्या मते यातला मोठा भाग निव्वळ तांत्रिक आहे, आणि तो त्या भाड्याच्या डब्यापासून सुरू होतो.

तो डबा म्हणजे निन्तेंदोच्या फॅमिकॉमची नक्कल. मूळ मशीन १९८३ चं, जपानचं. त्यातला प्रोसेसर ६५०२ नावाच्या चिपच्या घराण्यातला, वेग साधारण १.८ मेगाहर्ट्झ, रॅम फक्त २ किलोबाइट. एवढ्याशा मेमरीत पूर्ण स्क्रीनचं चित्र ठिपक्या-ठिपक्याने साठवणं शक्यच नव्हतं, म्हणून त्यांनी स्क्रीनचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडले, आडवे ३२ आणि उभे ३०. मशीन फक्त एवढंच लक्षात ठेवायचं की कुठल्या जागी कितव्या नंबरचा चौकोन लावायचा. मागच्या देखाव्यासाठी एका वेळी असे २५६ वेगवेगळे चौकोन, प्रत्येकी १६ बाइट, म्हणजे सगळे मिळून ४ किलोबाइट. विटा, पाईप, डोंगर, अक्षरं, सगळं त्यातच बसवायचं. मारिओमधला ढग आणि खालचं हिरवं झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललाय, ते याच काटकसरीमुळे.

आता या २५६ मध्ये अक्षरं बसवून बघा. इंग्रजीची कॅपिटल २६ आणि आकडे १०, एकूण ३६ चौकोन, विषय संपला. मराठीची नुसती ३४ व्यंजनं घ्या आणि प्रत्येकाची बाराखडी काढा, झाले ४०८. अजून जोडाक्षरं आलीच नाहीत, विटा तर लांबच राहिल्या.

मग कुणी हुशार म्हणेल की अख्खी अक्षरं कशाला साठवता, तुकडे साठवा, व्यंजन वेगळं, काना वेगळा, वेलांटी वेगळी. बरोबर. काना आणि वेलांट्या बाजूला उभ्या राहतात, त्या चालून जातील (वेलांटीचा वरचा वळसा जरा कापला जाईल, चालवून घेऊ). पण मात्रा आणि अनुस्वार डोक्यावर, उकार पायाशी, आणि चौकोन एकमेकांवर ठेवता येत नाहीत, त्यामुळे मराठीची एक ओळ तीन चौकोन उंच होणार आणि ३० ओळींच्या स्क्रीनवर फार तर १० ओळी मावणार. जपान्यांनी अगदी हेच केलं होतं, त्यांच्या काही अक्षरांच्या डोक्यावर दोन बारीक रेघा येतात, त्या बऱ्याच गेममध्ये वरच्या ओळीतल्या चौकोनात काढलेल्या असायच्या. त्यांनाही जागा पुरत नव्हतीच. १९८६ च्या ड्रॅगन क्वेस्टमध्ये कटाकाना लिपीतली सुमारे २० अक्षरंच ठेवली होती, आणि राक्षसांची नावं त्या २० अक्षरांत बसतील अशी ठेवावी लागली!

म्हणजे मराठी अशक्य नव्हती. पण त्या डब्यासाठी इथे गेम बनवणारं कुणी नव्हतंच ना. कॅसेटी यायच्या मनीष मार्केटमधून, लॅमिंग्टन रोडवरून, त्याही कॉपी केलेल्या. जपानने आपल्या लिपीसाठी जो आटापिटा केला तो करायला आधी आपल्याकडे गेम डेव्हलपर हवा होता.

तो आला साधारण १९९९ च्या पुढे. मुंबईत विशाल गोंडल यांनी १९९९ मध्ये इंडियागेम्स सुरू केली (पुढे ती यूटीव्हीकडे आणि मग डिस्नेकडे गेली), त्याच सुमारास नितीश मित्तरसेन यांची नझारा आली. कॉम्प्युटर फार थोड्या घरांत, कन्सोल त्याहून थोड्या, त्यामुळे खरा धंदा मोबाइलवर होता, जावा या प्रोग्रामिंग भाषेतल्या गेमचा. २००४ मध्ये ठाणे-वाशी ट्रान्स हार्बर लाइन सुरू झाली तेव्हा रबाळे, घणसोली, कोपरखैरणेला जाणारी नवीन नोकरदार मंडळी हातात नोकिया घेऊन असायची आणि त्यात हेच गेम, क्रिकेटचे, बाइकचे, पिक्चरवरचे.

हे गेम बनवणं म्हणजे तर वेगळीच सर्कस. नोकियाच्या सुरुवातीच्या रंगीत सीरिज ४० फोनवर पूर्ण गेम ६४ किलोबाइटमध्ये बसवावा लागायचा, कोड, चित्रं, आवाज सगळं धरून. आज व्हॉट्सॲपवरचा 'सुप्रभात'चा फोटोसुद्धा बहुतेक वेळा त्याहून मोठा असतो. स्क्रीन १२८ बाय १२८. आणि प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक मॉडेलची स्क्रीन वेगळी, बटणांचे नंबर वेगळे, त्यामुळे एक गेम बनवायचा आणि मग तो शेकडो हँडसेटवर बसवत राहायचं. याला पोर्टिंग म्हणतात आणि आपल्याकडच्या कितीतरी लोकांनी गेम बनवण्याचे धडे यातच गिरवले, डिझाइन वगैरे नंतर.

मराठीचं काय? गंमत म्हणजे जावा भाषेला युनिकोड (लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला ठरलेला नंबर देणारं प्रमाण) पहिल्यापासून कळत होतं, कोडमध्ये 'किल्ला' लिहिलं तर ते मुकाट्याने साठवायचं. पण फोनमध्ये देवनागरी फॉन्ट असेलच याची खात्री नाही, आणि नसला की स्क्रीनवर चौकोनी डबे. काही हँडसेटमध्ये हिंदी मेनू यायला लागला होता पण त्याच्या भरवशावर गेम काढणार कोण. उपाय एकच, शब्दाचं चित्र काढून ते गेममध्ये टाकायचं, आणि चित्र म्हटलं की ते त्या ६४ किलोबाइटमधली जागा खाणार. शिवाय इंग्रजी ८ ठिपक्यांच्या ओळीत वाचता येतं, म्हणजे १२८ च्या स्क्रीनवर १६ ओळी. मराठीला उकार-मात्रांसकट १६ ठिपके तरी हवेत, म्हणजे ८ ओळी. मॅनेजरने काय निवडलं असेल ते सांगायला नको.

आता खरी गुंतागुंत. देवनागरी कॉम्प्युटरवर आणायचं काम आपल्याकडे गेमच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं जिस्ट हे भारतीय लिप्यांसाठीचं तंत्रज्ञान पुढे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेने वाढवलं, इस्की नावाचं भारतीय लिप्यांचं प्रमाण ठरलं, आणि युनिकोडने १९९१ मध्ये देवनागरीला १२८ जागांचा पट्टा दिला तो इस्कीवरच बेतलेला. पण त्या पट्ट्यात 'ल्ला' कुठेच नाही. तिथे ल आहे, हलंत (म्हणजे ती पाय मोडल्याची खूण) आहे, काना आहे. 'किल्ला' म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी सहा चिन्हांची रांग: क, वेलांटी, ल, हलंत, ल, काना. वेलांटी क च्या नंतर येते कारण आपण उच्चारतो त्या क्रमाने ती साठवलेली असते, दाखवताना मात्र ती आधी काढायची. दोन ल मिळून एक आकार, तो फॉन्टच्या पोटात असतो पण त्याला युनिकोडचा नंबर नसतो. रांग बघून वेलांटी सरकवणं, जोडाक्षराचा आकार शोधणं, मात्रा नेमकी जागेवर बसवणं, या सगळ्याला शेपिंग म्हणतात. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स यांच्यात हे काम हार्फबझ नावाची मोफत लायब्ररी (कुणालाही वापरता येणारा तयार कोड) करते, म्हणून फोनवर मराठी नीट दिसते.

मग गेममध्ये का नाही? कारण गेम इंजिन, म्हणजे ज्यावर गेम बनवतात ते सॉफ्टवेअर, फोनला 'हे लिहून दे' असं सांगतच नाही, ते अक्षरं स्वतः काढतं. युनिटी घ्या, पोरांचं सगळ्यात लाडकं. त्यातलं मजकूर दाखवणारं साधन, टेक्स्टमेश प्रो, फॉन्टमधली अक्षरं आधीच एका मोठ्या चित्रावर मांडून ठेवतं, आणि प्रत्येक ठिपक्यापाशी काळा-पांढरा रंग न ठेवता 'अक्षराची कड इथून किती लांब' हा आकडा ठेवतं. ही युक्ती व्हॉल्व या गेम कंपनीने २००७ मध्ये मांडली, तिच्यामुळे अक्षर कितीही मोठं केलं तरी कडा फाटत नाहीत. झकास आहे. पण त्या चित्रातून अक्षर शोधायचं ते युनिकोडच्या नंबरने, एक नंबर एक आकार. 'ल्ल'ला नंबर नाही, म्हणजे तो सापडणार नाही. वेलांटी सरकवणारंही कुणी नाही. किल्ला तुटतो तो इथे.

यावरचा जुगाड मला फार आवडतो. ठाणे कोर्टाच्या आसपास टायपिंग-डीटीपीची दुकानं आहेत ना, श्रीलिपी, शिवाजी, कृतीदेव वापरणारी, त्या जुन्या फॉन्टना युनिकोड माहीतच नाही. त्यांच्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीचे तुकडे भरलेले, अर्धा ल एका बटणावर, वेलांटी दुसऱ्या, आणि टायपिस्ट वेलांटी आधीच दाबतो. म्हणजे शेपिंग माणूस करतो, मशीन नुसते तुकडे ओळीने लावतं. टेक्स्टमेश प्रोला नेमकं एवढंच जमतं! म्हणून लोक कन्व्हर्टरने युनिकोड मजकूर कृतीदेवमध्ये बदलून गेममध्ये टाकतात आणि मराठी दिसते. अर्ज-प्रतिज्ञापत्रांचा फॉन्ट थ्रीडी गेममध्ये, पण चालतं. शोध घेता येत नाही, मजकूर कॉपी केला की इंग्रजी कचरा निघतो, तरी चालतं.

हळूहळू याची गरज कमी होतेय. अनरिअल इंजिनमध्ये हार्फबझ आहे, गोडो या दुसऱ्या इंजिनने २०२३ च्या ४.० आवृत्तीत ते आणलं, युनिटीनेही सहाव्या आवृत्तीपासून यूआय टूलकिट या मेनू-बटणं बनवायच्या भागात शेपिंग करणारी नवीन यंत्रणा द्यायला सुरुवात केलीय. आवाजाचा मात्र असा त्रास कधीच नव्हता, ऑडिओ फाइलला लिपी नसते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीचा 'राजी' हा गेम २०२० मध्ये आला आणि २०२२ च्या सुधारित आवृत्तीत त्याला हिंदी आवाज मिळाला.

पण अक्षरं जुळली म्हणजे सगळं झालं असंही नाही. पात्र बोलताना एकेक अक्षर टकटक उमटतं तो इफेक्ट माहितीय? कोड एकेक चिन्ह पुढे सरकवतो, इंग्रजीत मस्त दिसतं, मराठीत आधी 'क', मग तो सरकून 'कि', मग 'किल', मग हलंत, मग पुन्हा आकार बदलून 'ल्ल', अख्खी ओळ थरथरते. यासाठी चिन्हं न मोजता अक्षरं मोजायला हवीत, आणि जोडाक्षर हे एकच अक्षर धरायचं हा नियम युनिकोडच्या प्रमाणात आला २०२३ मध्ये, १५.१ आवृत्तीत. तोपर्यंत नियमाप्रमाणे 'ल्ला' म्हणजे दोन अक्षरं होती! खेळाडूच्या नावाचंही तेच. आठची मर्यादा ठेवली की 'ज्ञानेश्वर'ला जागा नाही, कारण आपल्याला चार अक्षरं दिसतात पण आत चिन्हं दहा आहेत आणि यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीत ३० बाइट.

आणि हिंदी चाललं की मराठी आपोआप चालेल ही समजूत तर सोडाच. 'दऱ्या' मध्ये तो जो अर्धा र आहे तो हिंदीला लागत नाही, मराठीत तो ऱ आणि हलंत वापरून किंवा साधा र, हलंत आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह घालून लिहितात. मजकूर साफ करणाऱ्या एखाद्या कोडने ते अदृश्य चिन्ह कचरा समजून काढलं की डोंगरातल्या 'दऱ्या'चा समुद्रातला 'दर्या' होतो आणि गेम बनवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. ल आणि श ची वळणंही मराठीत वेगळी. बऱ्याच फॉन्टमध्ये दोन्ही असतात, पण मजकूर मराठी आहे हे इंजिनला सेटिंगमध्ये सांगावं लागतं, नाहीतर ते हिंदी वळणाचा ल काढतं. त्यामुळे फॉन्ट तपासायचा असेल तर 'नमस्कार' लिहून खूश होऊ नका, 'सुऱ्या', 'कुऱ्हाड', 'शिल्लक', 'ज्ञानेश्वर' असे चार शब्द टाका, आणि इंजिनच्या एडिटरमध्ये नाही, स्वस्तातल्या खऱ्या फोनवर बघा.