समाजमाध्यमांवरील विपणन : कोकण किनाऱ्यावरील लघुउद्योग

समाजमाध्यमांवरील विपणन म्हणजे व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब अशा माध्यमांतून आपल्या मालाची वा सेवेची ओळख करून देणे, गिऱ्हाइकांच्या शंकांना उत्तर देणे, मागणी नोंदवणे आणि विक्रीनंतरही संबंध राखणे. प्रस्तुत नोंदीत पालघर ते सिंधुदुर्ग या किनारपट्टीवरील छोट्या व्यावसायिकांचा विचार केला आहे : आंबा-काजूचे बागायतदार, घरगुती खाद्यपदार्थ करणाऱ्या महिला व त्यांचे बचत गट, राहत्या घरात पर्यटकांची सोय करणारी कुटुंबे, खाणावळवाले, बोटवाले, कारागीर. यांपैकी अनेकांकडे दुकान नाही, मग पाटी कुठून असणार? फोन हीच पाटी, तोच गल्ला आणि तीच उधारीची वही.

पूर्वपीठिका : ओळखीवर माल विकणे कोकणाला नवे नाही. मे महिन्यात मुंबईला परतणाऱ्या चाकरमान्याच्या सामानात घरच्यापुरते आंबे असत, तशी शेजाऱ्याने सांगितलेली पेटी, ऑफिसातल्या साहेबांसाठी आमसुलांची पुडी आणि चाळीतल्या कुणासाठी कुळथाचे पीठही असे. वाडीवाडीची ग्रामस्थ मंडळे मुंबईत होतीच. स्मार्टफोन आल्यावर ही मंडळे व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर गेली आणि त्यांच्याबरोबर हा पुडी-पेटीचा व्यवहारही गेला. म्हणूनच कोकणातल्या छोट्या विक्रेत्याचे पहिले शंभर गिऱ्हाईक बहुधा अनोळखी नसते. ते भावकीतले, शाळासोबत्यांतले किंवा त्यांच्या सोसायटीतले असते. जाहिरातशास्त्राची बहुतेक पुस्तके अनोळखी माणसापासून सुरुवात करतात. इथे मात्र ती उलट्या टोकाने वाचावी लागतात.

तांत्रिक बाजूने चार गोष्टी थोड्या काळात जुळून आल्या. २०१६ मध्ये यूपीआय आणि स्वस्त ४-जी इंटरनेट आले, २०१८ च्या जानेवारीत छोट्या व्यावसायिकांसाठी वेगळे ‘व्हॉट्सॲप बिझनेस’ ॲप निघाले आणि जून २०२० च्या अखेरीस टिकटॉकवर बंदी आल्यानंतर लगेच, जुलैमध्ये, इन्स्टाग्रामवर रील सुरू झाले. पण सवय लावली ती टाळेबंदीने. २५ मार्च २०२० ही तारीख हापूसच्या ऐन हंगामात पडली. वाशीच्या घाऊक बाजाराची घडी विस्कटली, झाडावर फळ तयार होते आणि ते थांबणार नव्हते. तेव्हा अनेक बागायतदारांनी मुंबई, ठाणे, पुण्यातील गृहसंकुलांच्या ग्रुपवर थेट नोंदणी घेतली आणि टेंपो भरून पेट्या पोचवल्या. अडतीवर माल टाकून विक्रीच्या हिशेबाच्या पट्टीची वाट पाहणाऱ्या पिढीने पहिल्यांदाच स्वतः भाव सांगितला, आणि गिऱ्हाइकाची कुरकूरही पहिल्यांदाच स्वतः ऐकली.

विश्वासाचा प्रश्न : कोकणी मालाची खरी अडचण प्रसिद्धीची नाही. हापूस कोणाला ठाऊक नाही? अडचण ही की ‘देवगड’ छापलेल्या पेटीत परप्रांतातला आंबा भरून विकला जातो आणि शहरातल्या गिऱ्हाइकाला फरक कळेपर्यंत पैसे गेलेले असतात. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांक (जीआय), म्हणजे माल त्याच भागातला असल्याची कायदेशीर ओळख, मिळाला. वेंगुर्ल्याचा काजू, सिंधुदुर्ग-रत्नागिरीचे कोकम, अलिबागचा पांढरा कांदा यांनाही तो मिळालेला आहे. मात्र हे चिन्ह आपल्या मालावर लावायचे तर उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते, आपला आंबा कोकणातला आहे एवढे पुरत नाही. ही नोंदणी न करताच चिन्हाचे चित्र पेजवर टाकणारेही पाहायला मिळतात. देवगडच्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात फळावर स्वतंत्र सांकेतिक क्रमांकाची चिकटपट्टी लावण्याची पद्धत आणली. गिऱ्हाइकाने त्या पट्टीचा फोटो ठरावीक व्हॉट्सॲप क्रमांकावर पाठवायचा आणि आलेले उत्तर पट्टीच्या मागच्या आकड्यांशी ताडून पाहायचे. विपणनाचे साधन इथे पडताळणीचे साधन झाले. समाजमाध्यमाचा या पट्ट्यातला सर्वांत शहाणा वापर कदाचित हाच असावा.

एकट्या बागायतदाराला हेच काम चित्रांनी करता येते. डिसेंबर-जानेवारीतला मोहोर, वाटाण्याएवढी कणी, वाऱ्याने झालेली गळ, फळ चौदा आणे तयार झाल्यावरची उतरण, गवताची आढी आणि शेवटी पेटी अशी हंगामभराची मालिका ज्याने स्टेटसवर पाहिली आहे, तो एप्रिलमध्ये ‘खरा कशावरून?’ असे विचारत नाही. एक बारकावा इथे नोंदवण्याजोगा आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या नूतन झेल्याने (आंबे उतरवायच्या जाळीच्या काठीने) आंबा देठासकट काढता येतो, त्यामुळे चीक फळावर ओघळून साल डागाळत नाही. ही वीस सेकंदांची चित्रफीत ‘प्रीमियम क्वालिटी’ या दोन शब्दांपेक्षा अधिक बोलते. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी असल्यामुळे ‘कार्बाइडमुक्त’ हा वास्तविक गुण नव्हे, ती किमान अट आहे. आढी दाखवली की तो शब्द लिहावाच लागत नाही.

विश्वासाची दुसरी परीक्षा तक्रारीच्या वेळी होते. हापूसमधला साका, म्हणजे गराचा आतून बिघडलेला भाग, बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो. कापलेल्या फळाचा फोटो आला की मुरलेला विक्रेता वाद घालत नाही. तेवढी फळे पुढच्या पेटीत वाढवतो किंवा पैसे वळते करतो. नवखा मात्र ‘आमच्याकडून चांगलाच माल गेला होता’ असे लिहून मोकळा होतो आणि त्याच ग्रुपवरची वीस गिऱ्हाइके गमावतो.

साधने व त्यांचे काम : व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये मालाची सचित्र यादी, ठरलेली उत्तरे, रात्री-अपरात्रीच्या चौकशीला आपोआप जाणारा निरोप आणि गिऱ्हाइकांना लावायची लेबले आहेत. ‘पैसे आले’, ‘पेटी गेली’, ‘डबा परत यायचा’ अशी लेबले लावली तर पन्नास मागण्यांत गोंधळ होत नाही. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जणांपर्यंत एकच निरोप वेगवेगळा जातो, पण ज्यांनी आपला नंबर फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच तो पोचतो. ही मेख अनेकांना ठाऊक नसते आणि ‘मेसेज टाकला पण कोणी विचारलेच नाही’ अशी खंत उरते. उपाय साधा आहे. पेटीत एक छापील चिठ्ठी ठेवायची, त्यावर नंबर, कोणत्या नावाने जतन करावा ते नाव, आणि फळ कधी खायला घ्यावे ते. स्टेटस चोवीस तासांत पुसले जाते, त्यामुळे ते रोजच्या बातमीसाठी बरे. भाव आणि पत्ता त्यात ठेवू नये.

इन्स्टाग्राम अनोळखी माणसापर्यंत नेते, व्हॉट्सॲप ओळखीच्या माणसाला गिऱ्हाईक करते. रील पाहून माणूस येतो तो चौकशीला. पैसे देतो तो बोलल्यानंतर. फेसबुकवर चाळिशीपुढचा चाकरमानी आणि गावागावांचे ग्रुप अजून नांदते आहेत, म्हणून कोकम आगळ, फणसपोळी, तळलेले गरे, मालवणी मसाला यांना तिथे अजून उठाव मिळतो. सावंतवाडीची लाकडी खेळणी व गंजिफा (हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते) यांसारख्या कारागिरीला रीलचा फायदा निराळा होतो. गंजिफाच्या गोल पत्त्यावर कुंचला फिरताना पाहिला की एवढी किंमत का, हा प्रश्न आपोआप मिटतो.

भाषेबद्दल थोडे. मालवणी बोलीतले व्हिडिओ मुंबईतल्या कोकणी माणसाला घट्ट धरून ठेवतात, ‘येवा, कोकण आपलोच असा’ हे वाक्य त्याला कुठेही ऐकू आले तरी तो थांबतो. पण भाव, वजन, पोचवण्याचा दिवस हे सरळ प्रमाण मराठीत आणि गरज असल्यास हिंदीत लिहिणे सोयीचे. फोटोखाली ‘किंमत?’ असे विचारणाऱ्याला ‘इनबॉक्स करा’ म्हणून पिटाळण्याची चाल मात्र सोडावी. भाव लपवला की गिऱ्हाइकाला तो माणसागणिक बदलतो असे वाटते, आणि बऱ्याचदा ते खरेही असते. आंब्याच्या बाबतीत डझनाचा भाव अर्धवट ठरतो. फळ किती ग्रॅमचे ते सोबत हवे.

निवास व पर्यटन : सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. मालवण-तारकर्ली, गुहागर, दापोलीची किनारपट्टी, दिवेआगर, हरिहरेश्वर येथे घरातल्या दोन खोल्या देणारी कुटुंबे आहेत. त्यांच्यासाठी गूगलच्या नकाशावरील व्यवसायनोंद इन्स्टाग्रामइतकीच महत्त्वाची असते, कारण पर्यटक रात्री नऊ वाजता वाडीच्या पाणंदीत गाडी अडकवून फोन करतो तो नकाशातली खूण चुकल्यामुळे. खूण स्वतः उभे राहून टाकावी. फोटोंत समुद्र सगळेच दाखवतात. न्हाणीघर, गाडी लावायची जागा, समुद्रापर्यंतच्या पायऱ्या किती उभ्या आहेत, हे कोणी दाखवत नाही, आणि म्हातारी माणसे घेऊन येणाऱ्याला नेमके तेच पाहायचे असते. मोदक किंवा वडे-सागोती हवी असेल तर आदल्या दिवशी सांगावे लागते, हा निरोप ठरलेल्या उत्तरात घालून ठेवला की वाद टळतो. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ अशा फेरीबोटींच्या चालू वेळा कळवणाऱ्या यजमानाला लोक लक्षात ठेवतात, मग खोली साधी असली तरी चालते.

वेळास येथे कासवांच्या पिल्लांसाठी येणाऱ्या पाहुण्यांवर गावातली घरे चालतात. तिथे घरटे कधी उघडेल हे निसर्ग ठरवतो. त्यामुळे ‘शंभर टक्के पिल्ले दिसतील’ अशी जाहिरात म्हणजे पुढच्या भांडणाची तजवीज. ‘शांत, अस्पर्श किनारा’ म्हणून रील गाजली की पुढच्या शनिवारी तिथे गाड्या वाळूत रुतलेल्या असतात. हा तोटा व्यावसायिकाच्या हिशेबात येत नाही, गावाच्या हिशेबात येतो. काही यजमान म्हणूनच जागेचे नाव रीलमध्ये देत नाहीत, आलेल्या पाहुण्याला तोंडी सांगतात.

पैसे देऊन जाहिरात : फेसबुक व इन्स्टाग्रामवर ठरावीक शहर, वय आणि आवड निवडून थोड्या रकमेत जाहिरात करता येते, आणि तीवर बोट ठेवताच थेट व्हॉट्सॲपवर गप्पा सुरू होतील अशी सोयही आहे. माल ज्या भागात पोचवता येतो तेवढाच भाग निवडावा. डोंबिवली-ठाण्याला खासगी बसने सकाळी पेटी पोचत असेल तर नागपूरकराला जाहिरात दाखवून उपयोग नाही. तो मागणी नोंदवेल आणि फळ वाटेत पिकेल. यशाचे माप लाइक नव्हे. किती चौकशा आल्या, किती पैसे जमा झाले, आणि गेल्या वर्षीच्यांपैकी किती जण परत आले हे तीन आकडे वहीत लिहिले तरी पुरे. शेवटचा सर्वांत महत्त्वाचा, आणि लिहिला जात नाही तोही तोच.

कायदा व फसवणूक : घरगुती खाद्यपदार्थ फोनवरून विकले तरी अन्नसुरक्षा कायदा लागू होतो, वार्षिक उलाढाल ठरावीक मर्यादेच्या आत असल्यास साधी नोंदणी पुरते आणि १४ अंकी क्रमांक वेष्टनावर येतो. बंद पाकिटावर निव्वळ वजन, तारीख, उत्पादकाचा पत्ता लागतो. फुकट राहून किंवा पैसे घेऊन स्तुती करणाऱ्या इन्फ्लुएन्सरने तसे उघड सांगणे अपेक्षित आहे.

फसवणूक दोन्ही बाजूंनी होते. कुणाच्या तरी घराचे फोटो चोरून खोटे पेज काढायचे, दिवाळीच्या सुट्टीचे आगाऊ पैसे घ्यायचे आणि गायब व्हायचे, हा एक प्रकार. दुसऱ्यात मोठ्या मागणीचा बहाणा करून ‘पैसे घेण्यासाठी’ म्हणून विक्रेत्यालाच क्यूआर कोड पाठवला जातो. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, पिन मागणारा चोर समजावा. तक्रारीसाठी १९३० हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

खाते बंद पडणे वा चोरीला जाणे हा धोकाही मोठा आहे. ‘कसेल त्याची जमीन’ हा कायदा कोकणाने पाहिला, पण फेसबुकच्या पेजला तो लागू नाही. दहा वर्षे कसले तरी सातबारा कंपनीच्याच नावावर राहतो. नियम बदलला, पेज पोचेनासे झाले, तरी कूळ म्हणून हक्क सांगता येत नाही. त्यामुळे गिऱ्हाइकांची नावे, नंबर आणि पत्ते साध्या वहीतही उतरवून ठेवणारे शहाणे ठरतात. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीची वीज व मोबाइल सेवा दीर्घकाळ खंडित केली, तेव्हा ज्यांची यादी फक्त फोनमध्ये होती त्यांच्या हाती काही उरले नव्हते.

हंगामाचे गणित : जूनमध्ये आंबा संपतो, मासेमारी बंद होते, सागरी जलक्रीडाही थांबतात. बहुतेक पेजेस याच वेळी मुकी होतात आणि थेट फेब्रुवारीत ‘बुकिंग सुरू’ म्हणून उगवतात. ज्यांनी मधले आठ महिने रोज नाही तरी आठवड्याला एकदा काही दाखवले, कोकमे वाळवताना, आगळ भरताना, भाताची लावणी, गणपतीसाठी सारवलेली पडवी, त्यांच्या यादीतला माणूस ऑगस्टमध्ये गावी येण्याआधीच फोन करतो : दोन किलो आमसुले बाजूला ठेवा, आणि या वर्षी मोहोर कसा आला ते जानेवारीत कळवा.